हात मागे बांधून

"हात मागे बांध. डोळ्यांनी सांग," डॉक्टर म्हणाले.

टेबलावर टमाटे होते. अकोल्यात बस ड्रायव्हरच्या भरतीची वैद्यकीय तपासणी. रंग ओळखायच्या तपासणीत ठिपक्यांच्या चित्रांतले आकडे मला दिसले नव्हते. तिथेच नापास लिहून मोकळं केलं असतं तर चाललं असतं. पण अर्जावरचं आडनाव वाचून डॉक्टरांना चेव आला.

"माळ्याचा ना तू? भाजीवाल्याला लाल-हिरवं कळत नाही?"

शिपायाकडून त्यांनी स्वतःच्या घरची भाजीची पिशवी मागवली. दार उघडंच ठेवलं. रांगेतली पोरं आत डोकावू लागली.

"पिकलेला काढ. जमलं तर बघू तुझं."

बघू. त्या एका शब्दावर मी लटकलो. बस चालवायच्या ट्रायलमध्ये पास झालो होतो. पोराला नोकरी लागणार, असं आईनं गावात, बार्शीटाकळीत, घरोघर सांगून ठेवलं होतं.

मी सवयीनं टमाटा दाबायला गेलो. मळ्यात मी असाच तोडतो, अंगठ्यानं. मऊ लागला तो पिकलेला. डॉक्टरांनी हातावर पेन मारला. मग ते हात मागे बांधणं.

मी बांधले. लग्न झालेला माणूस, शाळेतल्या पोरासारखा. हनुवटीनं एक दाखवला. सगळे हसले. दुसरा दाखवला. पुन्हा हसले. माझ्याच गावची पोरंही. ते जास्त लागलं.

"आता वास घेऊन सांग."

मी हात सोडले.

"नापास लिवा साहेब. तमाशा नाई करत मी."

"माज आला का रे? नियम आहे हा."

"नियम हाय तं हाय. हसाचं कोन्त्या नियमात हाय?"

त्यांनी नापास लिहिलं.

नियमाशी माझं भांडण नाही. बसमध्ये माणसं बसतात. नंतर मोबाईलवर वाचलं, काही देशांत माझ्यासारख्यांना गाडी चालवू देतात, काही देशांत देत नाहीत. डोळे तेच. वाचून काय उपयोग? मी इथे आहे.

आता दुसऱ्याच्या टेम्पोत टमाट्याचे क्रेट घालून अकोल्याच्या बाजारात येतो. परवा सिग्नलवर ड्रायव्हर हसत म्हणाला, "सांग बे, कोन्ता लाइट लागला?"

"बाजूले घे. उतराचं हाय मले."

क्रेट उतरवले. टेम्पो गेला. दुसरा मिळेना. उन्हात माल मऊ पडत गेला आणि त्या दिवसाचा बाजार बुडाला.

बुडू दे. नोकरी तर येणारच नाही. असे अजून कितीतरी दिवस बुडतील, माहीत आहे मला. पण कुणाच्या हसण्यासाठी मी आता रंग सांगणार नाही. आणि हात मागे बांधणार नाही.