एकनिष्ठ राहा, म्हणे

सरकारी दवाखान्याच्या बाकावर माझ्या शेजारी पन्नाशीच्या एक बाई पेपरच्या पुरवणीने वारा घेत होत्या. पुरवणीत गुप्तरोग टाळण्याचे उपाय छापले होते आणि वर जीन्समधलं एक जोडपं, पाठमोरं. असल्या लेखांतली माणसं कायम विशीतलीच कशी असतात?

बाईंच्या अंगावरून पांढरं जात होतं, त्यांनीच सांगितलं. डॉक्टरीणबाईंनी नवऱ्यालाही तपासणीला आणायला सांगितलं होतं. नवरा म्हणाला, “दुखणं तुझं, मी कशाला येऊ?”

“काय लिवलंय ह्यात?” त्यांनी विचारलं.

मी वाचलं, “तरुणांनो, जोडीदाराशी एकनिष्ठ राहा.”

“म्हंजी?”

“एकाच माणसाबरोबर राहायचं.”

“तीस वर्षं ऱ्हायले की!”

माझं डोकंच फिरलं. कपाळावर कुंकू दिसलं की जंतू माघारी फिरतो, अशी या लेखकूंची समजूत आहे काय? ‘अंगावरून जातं’ हे शब्द त्यांनी कधी कानांनी ऐकलेच नसतील. ऐकले असते तरी छापायची लाज वाटली असती.

“आमच्यासाठी काय हाय का बघा,” बाई म्हणाल्या.

मी पान उलटलं. मागे वर्षभर टिकणारं लोणचं होतं.