तेल, गोळ्या आणि एक पंगत

हसायचं असेल तर खुशाल हसा, पण हातातला कप आधी खाली ठेवा. असा मूर्खपणा नागपुरात दुसऱ्या कोणी केला असेल असं मला वाटत नाही!

आणीबाणीच्या सुमाराची गोष्ट. आम्ही सक्करदऱ्याला राहायचो. एकाएकी माझे पाय बधिर झाले, भिंत धरून चालायची पाळी आली. मोठ्या डॉक्टरांनी नाव सांगितलं, मल्टिपल स्क्लेरोसिस. म्हणाले, "आपोआप उतरतं, आपोआप परत येतं. औषध नाही." पस्तिशीच्या माणसाला असं सांगतात का हो?

मग काय! कन्हानच्या वैद्यबुवांचं तेल सुरू केलं आणि शेजारच्या होमिओपॅथीवाल्या काकांच्या गोळ्याही. दोघांची अट एकच, दुसरं औषध घ्यायचं नाही. मी दोघांनाही शब्द दिला!

महिन्याभरात पाय हलके झाले. झाली का पंचाईत? गुण कोणाचा तेच कळेना. एक सोडलं आणि नेमकं तेच लागू पडलेलं असलं तर? या भीतीनं एकही सोडवेना. सकाळी डोळे उघडायच्या आधी पायाची बोटं हलवून बघायचो. आणि दोघांनाही सांगायचो, "तुमच्यामुळंच उभा आहे!"

ऐन मे महिन्यात बायकोनं मोठ्या हौसेनं दोघांनाही जेवायला बोलावलं. एकाच पंगतीला! मला कळलं तेव्हा दोघं पाटावर बसलेले.

वैद्यबुवा वडाभात कालवत म्हणाले, "साहेबाले माह्या तेलानं उभं केलं बरं!"

काकांचा घास हातातच राहिला. "कोन्तं तेल? हे तं माह्या गोळ्यायनं चालून राहिले!"

वाढायच्या निमित्तानं मी स्वयंपाकघरात पळालो. तिथं शेगडीचा जाळ, वर मे महिना. पाय गेले! दारातच बसकण मारली.

काका ओरडले, "हे त्या तेलानं झालं!"

"काहीतरीच! गोळ्यायनं झालं!"

मग दोघंही माझ्याकडे वळले. "आमाले खोटं काहून सांगतलं जी?" आणि हात धुऊन चालते झाले.

मला रडूच फुटलं. "संपलं वं सारं! आता जन्मभर असाच बसून राहीन!"

बायकोनं मला ओढत नेऊन वाळ्याच्या कूलरसमोर टाकलं. "डॉक्टर सांगत होते ना, उकाड्यानं पाय जातील, उकाड्यात जाऊ नका म्हणून? तुमचं ध्यान कुठं होतं?"

तासाभरात पाय परत आले. उभा राहिलो तेव्हा माझे डोळे भरले होते.

ती म्हणाली, "जा, आता कूलरले सांगा, मी दुसरं काहीच घेत नाही म्हणून!"