शिलाई मशीनखालचा रबराचा तुकडा

मागच्या गुरुवारी निर्ण्याला गेले होते... एका माणसाची माफी मागायला. माफी राहिली बाजूला, मी तिथे शिलाई मशीन उचलून धरून उभी! सांगते.

आमचा ट्रक म्हणजे अप्पांचा, माझ्या वडिलांचा ट्रक. अप्पा गेल्यापासून गाडी, लोडिंग, चिटगुप्प्यातले व्यापारी, सगळं मीच बघते. गाडी म्हातारी, चढ आला की नुसती धूर ओकायची... जो तो म्हणे, विकून टाक. मला काही ते जमेना. शेवटी ठरवलं, चेसिस तीच ठेवायची आणि इंजिन दुसरं बसवायचं.

हुमनाबादच्या महेबूबभाईंनी काम घेतलं. नंतरच्या मॉडेलचं, खोलून ठीकठाक केलेलं इंजिन मिळालं, आरटीओचे कागद झाले. मग मला चेवच आला... नवं वायरिंग, नवा रंग, नटबोल्टसुद्धा नवे! दिवाळीची साफसफाई काढावी तशी मी त्या गाडीच्या मागे लागले.

त्यात गिअरबॉक्सच्या खालून एक तुकडा निघाला. टायर कापून केलेला, तळहाताएवढा, काळाकुट्ट, दोन थर खिळ्यांनी ठोकलेले. मी तो उचलून भंगारात फेकला.

भीमाअण्णा, म्हणजे आमचे पहिल्यापासूनचे ड्रायव्हर, शेजारीच होते. "ऱ्हाऊ दे पोरी, लागतंय ते," म्हणाले. आणि मी सगळ्या मिस्त्री लोकांसमोर म्हटलं, "अण्णा, असले जुगाड आता माझ्या गाडीत नकोत." माझी जीभ आहे की कात्री, असं आई म्हणते ते उगीच नाही...  अण्णांनी तुकडा भंगारातून उचलला, टॉवेलात गुंडाळला आणि निघून गेले. पुन्हा आले नाहीत, आणि मीही फोन केला नाही.

गाडी तयार झाली. टायरखाली लिंबू ठेवलं. नारळ ड्रायव्हरने फोडायचा ही आमच्याकडची रीत... तो मी ठसक्यात स्वतःच फोडला. ट्रायलला महेबूबभाई बसले स्टेअरिंगवर, मी शेजारी. चाळीसच्या पुढे काटा गेला आणि अख्खी केबिन थडथडायला लागली. तिसरा गिअर तर हात काढला की निसटायचा!

महेबूबभाईंनी क्लच खोलला, शाफ्ट उतरवला, परत चढवला... तीन दिवस हेच. "इंजन में तो कुछ बी नै है बेटी," म्हणून डोक्याला हात लावून बसले.

इकडे तुरीचा सीझन तोंडावर. सोमवारी गुलबर्ग्याच्या दाळमिलला पहिली खेप नेते, असा शब्द देऊन बसले होते. मी नाही गेले तर व्यापारी दुसरी गाडी लावणार, आणि एकदा लावली की सीझनभर तीच चालणार. अप्पांनी आयुष्यभर जोडलेली माणसं माझ्या हातून सुटणार... रडूच यायचं बाकी होतं.

मग उशिरा का होईना, अक्कल आली. या गाडीची सगळी दुखणी ज्याला तोंडपाठ, तो माणूस घरी बसलाय. आणि माझ्या तोंडामुळे बसलाय!

निर्ण्याला त्यांच्या घरी पोचले तर अण्णा ओसरीवर, आणि त्यांच्या मंडळी शांताक्का मशीनवर ब्लाउज शिवत बसलेल्या. "आलीस व्हय? कामून उशीर केलीस?" अण्णांनी एवढंच विचारलं. मी थडथड सांगितली, गिअर सांगितला... माफीचं मात्र राहूनच गेलं. अण्णांनी सगळं ऐकलं आणि म्हणाले, "उठ गं शांते, मशीन उचलायचंय."

मशीनच्या एका पायाखाली तोच तुकडा! शहाबादी फरशी उंचसखल, मशीन डगमगायचं म्हणून अक्कांनी सारलेला. मी मशीन उचलून धरलं, अण्णांनी तुकडा ओढला, आणि अक्का आम्हा दोघांवर कावल्या. "लग्नातलं ब्लाउज हाय, उद्या द्यायचंय! तुमच्या ट्रकापायी माझं मशीन लंगडं करायलात व्हय?"

माझ्या स्कूटीवर मागे बसून अण्णांनी सांगितलं. खूप वर्षांपूर्वी मंठाळकडून येताना भरलेली गाडी खड्ड्यात आदळली होती. गिअरबॉक्स जिच्यावर टेकतो ती आडवी पट्टी वाकली, आणि सरळ केली तरी बोटभर फरक राहिलाच. "तुझ्या अप्पानी जुना टायर कापून हे बसवलं. सोत्ता, हातानं."

माझा हात ब्रेकवर गेला. अप्पांची गाडी जपायच्या नादात मी अप्पांच्याच हातचं काम भंगारात फेकलं होतं... "तेव्हाच का नाही सांगितलं अण्णा?" तर म्हणाले, "चारचौघांत तू लहान झाली असतीस. अन् अप्पाच्या हातचं भंगारात कसं सोडू? म्हणून घेऊन गेलो."

तिथेच, रस्त्याच्या कडेला, स्कूटी लावून रडले. माफीही मागितली. अण्णा म्हणाले, "चल आता, गाडी वाट बघायलीय."

महेबूबभाईंनी तुकडा होता तिथे बसवला. काटा साठवर गेला तरी केबिन गप्प, गिअर जागच्या जागी! अण्णांनी दुसरा नारळ फोडला. सोमवारी तूर गुलबर्ग्याला वेळेत पोचली... स्टेअरिंगवर अर्थात अण्णाच.

काल जुन्या टायरचा एक तुकडा कापून शांताक्कांकडे घेऊन गेले. मीच कापला, आणि बोटही कापून घेतलं. मशीनखाली सारला तरी मशीन जरा हललंच. मी ओशाळले. अक्का हसून म्हणाल्या, "नवं हाय गं. चार दिवस डगमगंल, मग बसंल."

अण्णांनीही माझ्याबद्दल हेच धरलं असणार... म्हणून तर तुकडा जपून ठेवला आणि माझी वाट बघत बसले. हे उपकार मला फेडायचेच नाहीत. असेच राहू देत डोक्यावर.