तात्यांचा चेक्सचा शर्ट

अकरा वर्षं रोज ज्या माणसाचा फोटो काढला, त्याचा एकही फोटो आज माझ्याकडे नाही.

सोपानतात्या काल सकाळी गेले. गोठ्यात धार काढायला बसले आणि बसल्या जागी कलंडले. डॉक्टर पोचेपर्यंत सगळं संपलं होतं.

परवा संध्याकाळी माझ्या स्टुडिओत स्टुलावर बसले होते हो. चहात साखर कमी म्हणून मला बोलले.

मी आज सकाळीही दोन कप चहा केला. दुसरा ओतून दिला.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. तात्या माझे घरमालक. लवळे फाट्याजवळचा माझा स्टुडिओ म्हणजे त्यांचा गाळा. पहिल्या दिवशी मी नवे लाइट लावून बसले होते, पण उजेड कसा पडतोय ते बघायला समोर चेहराच नव्हता. तात्या गळका नळ बघायला आले होते. म्हटलं, पाच मिनिटं बसता का?

टोपी सरळ केली आणि बसले.

ती पाच मिनिटं अकरा वर्षं चालली.

गिऱ्हाईक यायच्या आधी तात्या स्टुलावर. मी दोन-तीन टेस्ट फोटो काढून लाइट सेट करायची.

"पडला का उजेड? मग टाका पुसून."

मी पुसून टाकायची. रोज, न चुकता. मोठी शिस्तीची ना मी.

मग यायची माणसं. इंटरव्ह्यूसाठी फोटो हवा असलेली कॉलेजची पोरं, हिंजवडीचे आयटीवाले, फ्लेक्सवर झळकायची घाई झालेले भावी सरपंच. त्यांची तयारी तात्या करून घ्यायचे. दाढी आदल्या दिवशी करा, त्याच सकाळी केली की गाल लाल येतात. केसाला तेल नको. आणि सगळ्यात कडक नियम म्हणजे बारीक चेक्सचा शर्ट नको. एकदा माझ्या स्क्रीनवर त्यांनी तसल्या शर्टाच्या चौकड्या वळवळताना पाहिल्या होत्या, तेव्हापासून.

"मुंग्या चालल्यागत दिसतंय, बाळा. जा, मित्राचा शर्ट घालून ये."

कितीतरी पोरांना होस्टेलवर परत पाठवलंय त्यांनी. एका भावी सरपंचालाही पाठवलं. तो अजून माझ्याशी नीट बोलत नाही.

आणि फोटोच्या वेळी माझ्या मागे उभे राहून सांगायचे, "कॅमेऱ्याकडं बघू नको. घरनं निघालायस आन मागनं आईनं हाक मारली, तसं बघ."

खांदे खाली यायचे लोकांचे. मी एवढा महागाचा कोर्स केला, तिथे हे कुणी शिकवलं नाही.

या रविवारी त्यांचा स्वतःचा फोटो काढायचा होता. लीलाकाकूंचा आणि त्यांचा, जोडीने. लग्नाला पन्नास वर्षं झाली आणि लग्नाचा एक फोटो नाही. काकूंनी हट्टच धरला, बाहेरच्या खोलीत फ्रेम पाहिजे.

तात्या इतके घाबरलेले मी कधी पाहिले नव्हते. मी चिडवलं, रोज तर बसता त्या स्टुलावर.

म्हणाले, "टेस्टला बसणं येगळं, म्याडम. ह्यो फोटो ऱ्हाणार हाय."

परवा निघताना चप्पल घालता घालता विचारलं, "बारीक चेक्स चालंल का हो एखाद्या टायमाला?"

मी हसले. म्हटलं तात्या, नियम तुमचाच आहे. नाही चालणार.

"व्हय, व्हय. इचारलं आपलं."

गेले.

मी त्यांचे टेस्ट फोटो पुसले. कार्ड, पुसलेलं परत येणार नाही इतकं कोरं फॉरमॅट करून, रविवारसाठी बाजूला ठेवलं.

काल दुपारी त्यांच्या घरी सुनीताने, त्यांच्या मुलीने, माझा हात धरला. घरच्यांच्या मोबाइलमधले तात्यांचे फोटो सगळे गर्दीतले, कुठे अर्धं तोंड, कुठे पाठ. आधारवरचा तर त्यांचा वाटतच नाही. म्हणाली, ताई, तुमच्याकडे रोजचे असतील, त्यातला एक चांगला द्या.

मी येऊन लॅपटॉप उघडला. हार्ड डिस्क, जुनी कार्डं, पुसलेलं परत आणणारं सॉफ्टवेअर, सगळं केलं. सगळा तालुका आहे माझ्याकडे. तो सरपंचसुद्धा आहे.

तात्या नाहीत.

आज सकाळी मी ते सांगायला त्यांच्या घरी गेले. काकू उठल्या. आत गेल्या आणि एक शर्ट घेऊन आल्या. नवा, शिवलेला, घडी न मोडलेला.

निळा. बारीक चेक्सचा.

"कापड म्याच आणलं. मला लई आवडलं. ह्ये म्हणले, म्याडमला इचारून येतो. परवा घरी आले आन म्हणले, चालतंय म्हणल्यात. मग म्या लगी इस्त्री करून ठिवला."

मी चालतंय म्हटलं नव्हतं. शंभर जणांना माघारी धाडणारा माणूस स्वतः मुंग्या अंगावर घेऊन फोटोला बसणार होता, काकूंचं मन मोडायला नको म्हणून.

काकूंनी विचारलं, "तुमी म्हणला हुता न्हवं?"

म्हटलं, हो काकू. म्हटलं होतं.

खरं सांगू? कॅमेरा दोन पावलं मागे घेतला की त्या मुंग्या जातात. मला हे माहीत होतं. तात्यांना कधी सांगितलं नाही, त्यांचा नियम ऐकायला मला मजा यायची म्हणून.

दोन पावलं.

तुमच्यापैकी जे जे माझ्याकडे फोटो काढून गेलात, त्यांनी जरा मोबाइल बघा. एखाद्या सेल्फीत मागे तात्या उभे असतील. असतील तर पाठवा. कसाही चालेल.

तात्या, नीट जा. आणि ऐका, चेक्स चालतील.