काळी वायर आधी

या सदरातले वाचकांचे गूढ अनुभव मी आजवर गंमत म्हणून वाचत आलो. असल्या गोष्टींवर माझा विश्वास नव्हता. आजही आहे असं म्हणवत नाही. मी निवृत्त ग्रंथपाल. विश्रांतवाडीत, आळंदी रस्त्यालगतच्या सोसायटीत राहतो. घडलं ते तिथल्याच पार्किंगमध्ये... भर सकाळी.

माझी पत्नी माणिक पॉलिटेक्निकमध्ये इलेक्ट्रिकल शिकवायची. आमच्या जुन्या गाडीच्या वायरिंगला तिने कधी दुसऱ्याचा हात लागू दिला नाही. काम काढलं की आधी बॅटरीची काळी वायर सोडायची. टोक चुकून पुन्हा टेकू नये म्हणून ते जुन्या सुती साडीच्या पट्टीत गुंडाळून दोन गाठी मारायची. "काळी सुटली की गाडी झोपली. मग खुशाल हात घाला," म्हणायची. मी घरातला बल्बसुद्धा तिलाच बदलायला सांगायचो.

तिचा भाऊ अविनाश दर दसऱ्याला डॅशबोर्डवर दिव्याचा गणपती बसवायचा हट्ट धरायचा. वायर थेट बॅटरीवरून, मध्ये फ्यूज नाही.

"ताई, देवाला कसला आलाय फ्यूज?"

"देवाला नको असेल, वायरला लागतो. तू पेढा खा आणि गप्प बस."

मागच्या उन्हाळ्यात माणिक गेली. दसऱ्याला अविनाशने बुधवार पेठेतून तो गणपती आणला आणि स्वतःच जोडला. "ताईची आठवण," म्हणाला आणि रडायला लागला. मला नको म्हणवलं नाही. गाडी आता आमची मुलगी मुक्ता ऑफिसला नेते.

दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी सुरूच होईना. मुक्ताने बॉनेट उघडलं — काळी वायर सुटलेली. टोकाला साडीची पट्टी. दोन गाठी.

"बाबा... तुम्ही केलंत?" तिने अगदी हळू विचारलं.

"मला पाना कुठला लावायचा तेही माहीत नाही गं."

दोन्ही किल्ल्या माझ्या कपाटात होत्या. माणिकचा हत्यारांचा डबा माळ्यावर. त्यावरची धूळसुद्धा हललेली नव्हती. मुक्ताने वायर पुन्हा बसवली. दुसऱ्या सकाळी तेच. तिसऱ्या सकाळी ती चाकाशेजारी खालीच बसली आणि म्हणाली, "आई, मला उशीर होतोय गं."

मी तिला हात देऊन उठवलं.

शेवटी इलेक्ट्रिशियनला बोलावलं. गणपतीची वायर पत्र्याच्या भोकातून आत गेली होती. तिथे घासून तिचं आवरण फाटलं होतं, आतलं तांबं दिसत होतं.

"काका, ही पत्र्याला टेकली असती तर गाडी पेटली असती. फ्यूज कुठाय?"

त्याने वायर बदलली, भोकाला रबर लावलं, बॅटरीजवळ फ्यूज बसवला.

त्यानंतर गाडी रोज सुरू होते. "सुटलो एकदाचे!" अविनाश म्हणाला. कुणी केलं, कसं केलं, मला आजही सांगता येत नाही.

बॉनेट उघडायला मात्र मी शिकलोय. रोज मुक्ताच्या आधी खाली जातो. काळी वायर जागेवर घट्ट असते; पट्टी नाही, गाठी नाहीत. तो फ्यूज काढून वायर पहिल्यासारखी करून घ्यावी, असं कितीदा तरी मनात येतं...

पण गाडी मुक्ता चालवते. मी बॉनेट लावतो आणि वर येतो.