साडेतीन पावलं

‘उजवं पाऊल टाकलं, डावं मागनं धावलं, उजव्यानं बळ घेतलं, उड गं बाई!’

आवाज अनसूयामावशीचा आहे. चौदा वर्षांपूर्वी माणदेशातल्या एका शाळेच्या पायरीवर ऐकलेला. मिश्रीनं भरलेल्या तोंडातून आलेला, घोगरा, शेवटच्या शब्दाला एकदम हलका होणारा. वैजयंता खराडे उताणी पडली आहे, डोळ्यांवर ओढणी आहे, आणि तो आवाज तिच्या उशाशी येऊन बसला आहे. ती म्हणते, आत्ता नको. चार वाजता बोलायचंय मला.

मे महिन्यातली दुपार आहे. क्रीडासंकुलाच्या वसतिगृहात दुसऱ्या मजल्यावरची ही खोली तापलेल्या तव्यासारखी झाली आहे. खाली सभागृहात बेचाळीस प्रशिक्षक येणार आहेत, जिल्ह्याजिल्ह्यांतून आलेले, व्हॉलीबॉल शिकवणारे. विषय वैजयंतानंच घेतला आहे: शिकावं कुणाकडून. शिकवणाऱ्यानं आधी चांगले शिकवणारे हुडकून काढावेत, मोठ्या संघाचा गुरू बघावा, तसा तालुक्याचाही बघावा, असं ती सांगणार आहे. अकरा नावांची यादी तयार आहे. राष्ट्रीय संघापासून पोलिसांच्या संघापर्यंत, विद्यापीठापासून शाळेपर्यंत. आणि प्रत्येक खुर्चीवर तिचं पुस्तक ठेवलेलं असणार आहे, ‘चार ठोक्यांची उडी’. स्मॅश मारायला धावत येताना पावलं कशी टाकायची, याची ही पद्धत. लोक तिला खराडे पद्धत म्हणतात.

कूलर घरघरतो. घरघर जड होत जाते, दगडावर दगड फिरावा तशी. कुणीतरी पहाटेचं दळायला बसलं आहे बहुतेक. वैजयंता उठते, बघू कोण ते म्हणून दार उघडते.

दाराबाहेर जिना नाही. शाळेचं पटांगण आहे. झेंड्याचा खांब आणि बाभळीचं झाड यांच्यामध्ये बैलांच्या जुन्या दाव्यांची विणलेली जाळी बांधलेली आहे. कमरेत वाकून, पदर खोचून, मुठीतून पांढरी फक्की सोडत अनसूयामावशी मैदानाची रेघ आखते आहे. दोरी नाही, खुंटी नाही. तरी रेघ सुतासारखी सरळ.

“आलीस व्हय? जेवलीस का?”

“जेवले मावशी.”

“खोटं. तोंडावर दिसतंय.”

वैजयंताला पक्कं माहीत आहे की मावशी गेलेली आहे. दोन वर्षं झाली. मुख्याध्यापकांचा फोन आला होता, दहाव्याला तरी या म्हणून. माझ्या स्पर्धा चालू आहेत, असं ती म्हणाली होती. त्या आठवड्यात एकही स्पर्धा नव्हती.

“मावशी, तुम्ही तर...”

“व्हय, मेले. म्हून काय रेघा मारायच्या न्हाईत?” मावशी हसते. एक दात नाही, तो तेव्हाही नव्हता. “सर जरा तिकडं. रेघंवर उभी हायेस.”

वैजयंता सरकते. तिच्या लक्षात येतं की आपण चौदा वर्षांपूर्वीचीच साडी नेसलो आहोत आणि काखेत तोच, प्रशिक्षकांची माहिती भरायचा फॉर्म आहे.

तेव्हा व्हॉलीबॉल संघटनेनं तिला पाठवलं होतं. सगळ्या स्तरांवरचे चांगले प्रशिक्षक शोधायचे, त्यांचं काम बघायचं, टिपून आणायचं. ह्या गावच्या पोरी ओळीनं तीन वर्षं जिल्ह्याच्या अंतिम सामन्याला आल्या होत्या. अंगानं किरकोळ, पायांत चपला नाहीत, पण उडाल्या की जाळीच्या वर कोपरापर्यंत हात दिसायचा. ह्यांना शिकवतं कोण, असं विचारल्यावर मुख्याध्यापकांनी घंटा वाजवणाऱ्या बाईकडं बोट केलं होतं. शाळेची शिपाई. दुपारी तीच खिचडी शिजवायची. वैजयंता तीन दिवस पायरीवर बसून राहिली. मावशी पोरींना जात्यावरची ओवी म्हणायला लावायची आणि ओवीच्या चालीवर पावलं टाकायला. ओवीचे तीन चरण लांब असतात, चौथा आखूड. तशीच तीन पावलं लांब, चौथं आखूड, आणि उडी.

“फारम भरलास का?” मावशी विचारते.

“भरतेय.”

“मग लिव्ह की. नाव अनसूया. शिक्षान दुसरी पास. तिसरीत शेळ्या आडव्या आल्या.”

हे तेव्हाही ती असंच म्हणाली होती, आणि दोघी पोट धरून हसल्या होत्या. आताही वैजयंताला हसू येतं, पण ती फॉर्मकडं बघत राहते.

खिचडीचा वास येतो. पायऱ्या वरवर चढत गेल्या आहेत, त्यांचा उंच जिना झाला आहे, आणि त्यांवर ओळीनं तिच्या यादीतले अकराही जण मांडी घालून बसले आहेत. प्रत्येकाच्या हातात शाळेचं ताट. राष्ट्रीय संघाचे गुरू तर गळ्यात टाय घालून आले आहेत, ताट दोन्ही हातांनी धरून.

“ही कोन गं एवढी उंच उंच माणसं?”

“माझ्या यादीतली आहेत मावशी. मोठे प्रशिक्षक.”

“बसा, बसा. पंगतीला उंची लागत न्हाई.” मावशी पळीनं वाढत जाते. टायवाले गुरू हळूच म्हणतात, मावशी, मला जरा खरपुडी. मावशी त्यांना तळातली खरवडून घालते. “ह्येच्याकडनं काय शिकलीस?”

“थांबायला. गडी चुकला की हे लगेच ओरडत नाहीत.”

“चांगलं. आन ह्या बाईकडनं?”

“हरलेल्या पोरींना घरी कसं न्यायचं ते. त्या वाटेत एक शब्द खेळाचा काढत नाहीत.”

“लई चांगलं. ज्येच्याकडं हाय त्येच्याकडनं घ्यावं.” मावशी पुढं सरकते. शेवटचं ताट वाढून होतं. पळी रिकामी होते. माझ्याकडनं काय घेतलंस, असं ती आता विचारेल म्हणून वैजयंता मान खाली घालते.

ती विचारत नाही. पळी धुवायला लागते.

पाण्याचा आवाज टाळ्यांचा होतो. प्रेक्षागार खचाखच भरलं आहे, वर दिवे आहेत, खाली लाकडी मैदान आहे. वैजयंता संघाच्या बाकावर आहे आणि शेजारी मावशी पाय वर घेऊन बसली आहे, मिश्री लावत. समोर वैजयंताचा संघ खेळतो आहे. एक पोर धावत येते, एक, दोन, तीन, चार, उडते आणि तशीच पुढं वाहत जाऊन जाळीत अडकते. पंचांची शिट्टी वाजते, पण आवाज होत नाही. गुण पलीकडं जातो.

“तुजी पोर जाळीत गेली,” मावशी म्हणते.

“हो.”

“मागच्या साली बी गेली.”

“हो मावशी.”

“चार सालामागं एक गेली, तिचा गुडघा गेला.”

ऋतुजा तिचं नाव. दोनदा शस्त्रक्रिया झाली. आता ती बँकेत असते आणि जिना चढताना कठडा धरते. तिच्या आईनं कधी वैजयंताला दोष दिला नाही. दरवर्षी संक्रांतीला तिळगूळ येतो.

“चारी पावलं सारखी टाकत्यात,” मावशी म्हणते. “धावणारं अंग धावतच ऱ्हातंय. कुनी शिकवलं त्यांना?”

“मी.”

“मी तर साडेतीन शिकवलेली. अर्धं कुठं टाकलंस?”

“पुस्तकात ओवी कशी घालणार मावशी? शिबिरात लोक हसले असते. जात्यावरची गाणी म्हणाले असते.” वैजयंताचा आवाज तिलाच पोरीसारखा वाटतो. “म्हणून मी मोजायला लावलं. एक, दोन, तीन, चार. ठोका दिला की झालं.”

“आकडे समदे एकाच मापाचे, लेकी. त्येंना आखूड कसं करनार?” मावशी तोंड पुसते. “आन तुला कळलं न्हवतं?”

कळलं होतं. सहा वर्षांपूर्वीच कळलं होतं. पोरी जाळीत जायला लागल्या तेव्हा तिनं एका रात्रीत सगळी पद्धत उलगडून बघितली होती आणि चूक नेमकी सापडली होती. पण ती दुरुस्त करायची तर मूळ कुठून आलं ते सांगावं लागलं असतं. तोवर पुस्तकाची दुसरी आवृत्ती निघाली होती.

“मावशी, मी त्या यादीत तुमचं नाव...”

“खोडलंस.”

प्रेक्षागार रिकामं आहे. कधी रिकामं झालं ते कळलं नाही. दिव्यांच्या जागी ऊन आहे, बाभळीची सावली आहे.

“तुम्हाला कुणी सांगितलं?”

“कोन सांगनार? मी तुला भाकरी द्याया आलते. तू पायरीवर बसून लिवत हुतीस. माझं नाव दावलं हुतंस ना आदल्या दिशी, ह्ये बघा मावशी, ह्ये तुमचं म्हून. त्येच्यावर आडवी रेघ मारलीस. वाचायचं कवाच इसारले, पर रेघ कळती. जनम गेला रेघा मारन्यात.”

“आणि तरी भाकरी दिलीत?”

“मग? भुकी हुतीस की.”

वैजयंताला रडायचं आहे. मावशी तिला वेळ देत नाही. दंडाला धरून उठवते, मैदानाच्या मागच्या रेघेवर उभी करते, वाकून तिच्या पायापुढं मुठीनं फक्की सांडते. चार ठिकाणी. तीन मोठ्या ढिगल्या, चौथी चिमटीएवढी.

“चल. उजवं.”

“माझे गुडघे दुखतात मावशी. अठ्ठावन्न वर्षांची झालेय मी.”

“मी मेलीया. माझं काय दुखत असंल, सांग? चल. उजवं.”

उजवं पाऊल टाकलं. डावं मागनं धावलं. उजव्यानं बळ घेतलं. आणि डाव्या पायाशी मावशी स्वतः बसली आहे, तिनं टाचेखाली आपला तळहात ठेवला आहे. “टाच टेकायची न्हाई. नुसता चवडा. पुढं पळनाऱ्या अंगाला सांगायचं, थांब बाई, आता वर.”

वैजयंता उडते.

वर गेल्यावर वारा आहे. जाळी खाली राहिली आहे, बैलांच्या दाव्यांच्या गाठी दिसतात, बाभळीवरचा सुगरणीचा खोपा दिसतो. पलीकडं माळावर पोरी उभ्या आहेत, गावच्याही आणि तिच्याही, सगळ्या वर बघताहेत. ऋतुजाही आहे, कठडा न धरता. चेंडू कुठं आहे ते कुणी विचारत नाही. खाली मावशी पुन्हा वाकून रेघ ओढायला लागली आहे आणि रेघेबरोबर लांब लांब चालली आहे. ती दळताना गातात तसं गाते, स्वतःशीच:

‘नाव माझं वाऱ्यावर, घाम माझा मातीवर, सही त्याची जाळीवर, कोन करी?’

मावशी, थांबा, मला बोलायचंय, असं वैजयंता म्हणते. तोंडात शिट्टी आहे. शिट्टी तोंडातून निघत नाही. रेघ माळाच्या टोकाला पोचते आणि पांढऱ्या उन्हात मिसळून जाते.

दार वाजतं.

“मॅडम? मॅडम, चारला पाच कमी आहेत.”

मुलाणी सर आहेत. मेहबूब मुलाणी, वैजयंताचा जुना विद्यार्थी, आता स्वतः एका शाळेत पोरींचा संघ घडवणारा. अकरा वर्षं तो खराडे पद्धत शिकवतो आणि प्रत्येक व्यासपीठावर तिच्या पाया पडतो. वैजयंता उठून दार उघडते. बाहेर जिना आहे. कूलर चालू आहे.

“सगळे येऊन बसलेत. खुर्च्यांवर पुस्तकं ठेवली. तुमचा माईक...” मुलाणी बोलता बोलता खाली बघतो. “हे काय मॅडम? एवढ्या उन्हात मैदानावर गेला होता का?”

वैजयंता खाली बघते. जेवून आल्यावर तिनं पाय धुतले होते, पुसले होते. आता दोन्ही पायांवर पांढरी फक्की आहे. उजवं पाऊल टाचेपासून बोटांपर्यंत पांढरं. डावं नुसतं चवड्यापाशी. खोली ओलांडून पलंगापासून दारापर्यंत फरशीवर ठसे उमटले आहेत, तीन, आणि उंबऱ्याशी एक आखूड.

ती वाकून डाव्या पायाला बोट लावते. बोट पांढरं होतं. चुन्याचा बारीक चटका बसतो.

“मॅडम, बरं वाटत नाहीये का? थोडा उशीर झाला तर मी सांभाळतो खाली.”

“मुलाणी, ती पद्धत माझी नाही.”

त्याला वाटतं, उन्हाचं झालं असेल. तो पाण्याची बाटली शोधायला लागतो.

“ऐक माझं. तू पोरींना चार मोजायला लावतोस ना? थांबव ते. तुझ्या पोरी जाळीत जातात, तुला वाटतं तुझं चुकतंय. चूक माझी आहे. मला सहा वर्षं माहीत आहे.”

मुलाणी बाटली हातात धरून तसाच उभा राहतो. त्याचा चेहरा हळूहळू बदलतो. त्याच्या मनात कुठली कुठली पोर येते आहे, हे वैजयंताला दिसतं. मग विचारतो, पाया पडणाऱ्या माणसाच्या आवाजात नाही, साध्या आवाजात.

“मग कुणाची आहे?”

“अनसूया ज्ञानू खिलारे. शाळेची शिपाई होती. शिक्षण दुसरी पास. मी जितके प्रशिक्षक पाहिले, त्यांत तिच्यापेक्षा मोठं कुणी पाहिलं नाही. मी तिच्याकडून शिकले, मुलाणी. आणि तिच्या नावावर रेघ मीच मारली.”