केक, गणपतीचं लग्न आणि बाकीचा अभ्यास

जगातले मोठे धर्म समजून घ्यायला आम्ही शेजारी एकत्र जमू लागलो. धर्म किती कळले ते ठाऊक नाही, पण किस्से मात्र घरातल्या वाळूसारखे साठलेत. कितीही झाडा, कोपऱ्यात थोडे उरतातच.

अबू धाबीच्या मोहम्मद बिन झायद सिटीतला आमचा हॉल. हैदराबादचे इंजिनिअर यूसुफभाई, केरळची कॅथलिक टीचर अन्नम्मा, मी आणि पुण्याहून येऊन राहिलेल्या माझ्या सासूबाई. पहिल्या बैठकीला मी हौसेने केक केला. यूसुफभाईंचा रोजा. अन्नम्माचा ईस्टरआधीचा लेंटचा उपवास, म्हणून अंडं बंद. सासूबाईंची एकादशी. सगळी दुपार केक समोर ठेवून आम्ही देवाविषयी बोललो. एकाग्रता जबरदस्त होती, फक्त देवावर नव्हती.

*

अन्नम्माने कन्फेशन समजावलं. सासूबाई म्हणाल्या, "फादर को सब बताने का? और वो अपने को पहचानता होगा तो?"

अन्नम्मा शांतपणे म्हणाली, "इसीलिए मैं दुबई जाती हूँ, मम्मी."

*

यूसुफभाई गणपतीवर वाचून आले आणि अदबीने विचारलं, "शादीशुदा हैं?"

"हाँ, दो. ऋद्धी-सिद्धी," सासूबाई म्हणाल्या.

"नो मम्मी, बॅचलर," अन्नम्मा म्हणाली. "केरला में हमारे बाजू में मंदिर था, मेरे को मालूम है."

दोघी हट्टाला पेटल्या. शेवटी यूसुफभाई उठले. "आप लोग पहले तय कर लो. हम अगले हफ्ते आते."

*

पुनर्जन्मावर मी बराच वेळ बोलले. इथेच वाढलेली माझी लेक रेवा मोबाइलमधून मान वर न काढता म्हणाली, "सो बेसिकली, यू फेल अँड रिपीट द इयर."

मी पुढचे मुद्दे गाळले.

*

मग सासूबाईंची बायपास ठरली. नवरा सह्या करायला काउंटरवर गेला होता. ऑपरेशन थिएटरच्या दाराशी स्ट्रेचर थांबलं. मी रामरक्षा सुरू केली आणि भीतीने दुसऱ्याच ओळीला अडकले. अन्नम्माने माझा हात धरला, दुसऱ्या हातात तिची जपमाळ. पलीकडे यूसुफभाई डोळे मिटून दुआ पुटपुटत होते. नर्सही थांबली.

सासूबाईंनी डोळे उघडले, आम्हा तिघांकडे पाहिलं.

"एका वेळी एकाने बोला," त्या म्हणाल्या. "वर वाटेल, पेशंट तीन आहेत."